दवाखान्याच्या दारात : आमच्या इंटर्नशिपचे वर्ष

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



हे भाषण आम्ही दोघींनी मिळून लिहिले आहे. वाचणारी एक असली तरी बोलणे दोघींचे आहे. आम्ही दोघी याच वस्तीतल्या, हे तुम्हाला सांगायला नको. दहावीचा आणि बारावीचा अभ्यास आम्ही याच विहारात केला, कारण घरात बसायला जागा नव्हती. परीक्षेच्या दिवसांत समितीने रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवू दिला. त्यामुळे आमच्या डॉक्टरकीतला थोडा हिस्सा विजेच्या बिलाच्या रूपाने या विहाराने भरलेला आहे, असे आम्ही मानतो.

समितीच्या काकांनी सांगितले, "पोरींनो, तुमचे अनुभव सांगा, मुलांना प्रेरणा मिळेल." आम्ही विचार केला. सत्काराला उत्तर म्हणून गोड गोड बोलून खाली बसणे सोपे आहे. पण आपल्या माणसांत खरे बोलायचे नाही तर कुठे बोलायचे? म्हणून आज आम्ही आमची एक चूकही सांगणार आहोत.

आधी इंटर्नशिप म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की परीक्षा पास झाली की डॉक्टर झाला. तसे नसते. साडेचार वर्षे शिकायचे आणि त्यानंतर पूर्ण बारा महिने रुग्णालयात राबायचे. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, बालरोग, अपघात विभाग अशा पाळ्या लागतात. त्यातलाच एक भाग खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेवेचा असतो. त्याला मोठा इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीने अहवाल दिला. देशात गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रे असावीत आणि डॉक्टरला समाजाचेही शिक्षण मिळावे, असे त्या समितीचे म्हणणे होते. आज सपाटीवर साधारण तीस हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे जे प्रमाण धरले जाते, त्याचे मूळ तिथपर्यंत जाते.

दुसरी एक गोष्ट. युरोप-अमेरिकेतले वैद्यकीय विद्यार्थी काही आठवडे आपल्याकडच्या रुग्णालयांत शिकायला येतात. विकसनशील देशातील रुग्णालयाचा अनुभव, असे ते त्याला म्हणतात. सर्पदंश, क्षय, कुपोषण हे त्यांनी पुस्तकात वाचलेले असते, ते इथे डोळ्यांनी बघतात. त्यात गैर काही नाही. पण आम्हाला त्यासाठी विमानात बसावे लागले नाही. ज्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आमची आजी हातात केसपेपर धरून उकिडवी बसायची, तसल्याच दवाखान्यात आम्ही पांढरा कोट घालून गेलो. फरक एवढाच, की आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचे होते. हा फरक किती मोठा आहे ते आम्हाला पुढे कळले.

आमची नेमणूक कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या एका सरकारी रुग्णालयात झाली. रुग्णालयाचे नाव सांगण्याची गरज नाही. जी चूक सांगायची आहे ती आमची आहे, इमारतीची नाही.

आपला हा भाग तुम्ही रोज बघता, पण दवाखान्यातून बघितला की तो वेगळा दिसतो. एका बाजूला लोकल गाडी, कारखाने, फार्महाऊस आणि २००२ साली पूर्ण सुरू झालेला द्रुतगती मार्ग. रात्री-अपरात्री त्या रस्त्यावरचे अपघात येतात. दुसऱ्या बाजूला माथेरान, राजमाची, भीमाशंकरच्या कुशीतल्या ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. खोपोलीत टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. वीजघराच्या आसपासच्या डोंगरांतल्या वाड्यांना मात्र दिव्यासाठी पुढे कित्येक दशके थांबावे लागले. दवाखान्यात बसले की हा उलटा हिशोब रोज दिसतो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात ती पावसाच्या तोंडाला परत येतात. पोराचा एक डोस गावात होतो आणि पुढचा राहतो. बाईची पहिली तपासणी इथे होते आणि बाळंतपण कुठल्यातरी भट्टीवर. नर्सबाईंच्या रजिस्टरात त्या ओळी कोऱ्या राहतात.

पहिल्या महिन्यात आम्ही काय शिकलो? खरे सांगायचे तर डॉक्टरांपेक्षा जास्त सिस्टरांकडून, मावशींकडून आणि ड्रेसिंग करणाऱ्या मामांकडून शिकलो. लहान मुलाची शीर कशी शोधायची, बाळंतपणाच्या वेळी बाईला धीर कसा द्यायचा, भाताच्या चिखलात काम करून ताप घेऊन आलेल्या माणसाचे डोळे लाल आहेत का, पोटऱ्या दुखतात का ते का विचारायचे, हे सगळे त्यांनी दाखवले. तो ताप लेप्टोचा असू शकतो. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून तो शिरतो. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो आणि उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो. पुस्तकात ही ओळ आम्ही वाचली होती, पण पोटरी दाबून बघायला सिस्टरांनी शिकवले.

आता ती चूक.

पावसाळ्याचे दिवस होते. ओपीडीला दोनशेच्या वर माणूस. दुपारचा एक वाजून गेला होता, पोटात काही नव्हते. एक कातकरी बाई काखेत मूल घेऊन आली. मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज पिकलेली, नाक वाहते, खोकला. मागचा केसपेपर तिने हरवला होता. आमच्यापैकी एकजण तिच्यावर ओरडली. शब्द आम्हाला आजही आठवतात. "पेपर सांभाळता येत नाही? पोराला आंघोळ तरी घालता का? पुढच्या वेळी असे आणलेत तर तपासणार नाही." दुसरी शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. म्हणून आम्ही म्हणतो, चूक दोघींची. त्या बाईने खाली मान घालून मलम घेतले आणि ती गेली.

तिच्या वाडीवर पाणी कुठून येते हे आम्ही विचारले नाही. माता-भगिनींनो, चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्हाला तोंडपाठ आहे. २० मार्च १९२७. शाळेत असताना याच मंचावर आम्ही त्यावर भाषणे करून वह्या-पेनांची बक्षिसे घेतली आहेत. आपल्याच रायगड जिल्ह्यातले महाड. पाण्याचा इतिहास आम्हाला पाठ होता, पण समोरच्या बाईला पाण्यासाठी किती चालावे लागते हे विचारायचे आम्हाला सुचले नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी सातच्या सुमारास तीच बाई आली. या वेळी तिला नवऱ्याने आणि दिराने झोळी करून रस्त्यापर्यंत आणले होते. तक्रार काय, तर पोटात कळा आणि घसा धरल्यासारखा वाटतो. मध्यरात्रीनंतर कधीतरी सुरू झाले. ताप नाही, जुलाब नाही. अंगावर जखम नाही, सूज नाही. आम्ही तपासले, पित्त असेल म्हणून इंजेक्शन दिले आणि कॉटवर झोपवले.

रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या सिस्टर कॉटजवळ थांबल्या. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. "रात्री कुठे झोपली होतीस?" ती म्हणाली, "खालीच, भुईला." मग सिस्टर म्हणाल्या, "वर बघ बरं माझ्याकडे." तिने बघायचा प्रयत्न केला. पापण्या वर जाईनात. झोप आलेल्या माणसासारख्या त्या अर्ध्यावर लोंबत होत्या. सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली आणि मोठ्या डॉक्टरांना हाक मारली. "सर, मण्यार वाटतेय."

मण्यार हा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचे दात इतके बारीक, की पुष्कळदा खूण दिसत नाही, दुखतही नाही. माणूस पोटदुखीने जागा होतो. मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात. आम्ही परीक्षेत यावर उत्तर लिहिले होते, मार्कही मिळाले होते. पण समोर माणूस आला तेव्हा ओळखले नाही. वर आमच्यापैकी एक म्हणाली, "सर, रक्त गोठण्याची चाचणी करू." स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटे हलवायचे नाही आणि मग नळी तिरकी करून बघायची, अशी ती साधी चाचणी. रक्त व्यवस्थित गोठले होते. आम्हाला हायसे वाटले. सर म्हणाले, "घोणस किंवा फुरसे चावले तर रक्त गोठत नाही. मण्यारीचे विष रक्तावर नाही, नसांवर जाते. नळीत गोठले म्हणून बाई वाचली असे नाही." चाचणीचे वीस मिनिटे होईपर्यंत त्यांनी वाट बघितली नव्हती. सर्पविषावरच्या औषधाच्या दहा कुप्या सलाईनमधून चालू झालेल्या होत्या.

तासाभरात तिचा श्वास उथळ झाला. सरांनी घशातून नळी घातली. आपल्याकडे व्हेंटिलेटर नव्हता, तेव्हा मोठ्या रुग्णालयात हलवणे भाग होते. १०८ ची गाडी आली. नळीला रबरी फुगा जोडतात, तो हाताने दाबून फुप्फुसात हवा घालायची असते. गाडीतल्या डॉक्टरांबरोबर आम्ही दोघी बसलो आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलकडे निघालो. पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायचे. घाई करायची नाही, विसरायचे नाही. एकीचे हात दुखले की दुसरी घ्यायची. पाऊस धो धो, वाटेत ट्रकांची रांग. लहानपणी याच विहारात भन्तेजींनी आम्हाला डोळे मिटून स्वतःचा श्वास बघायला बसवले होते. तेव्हा आम्ही हळूच डोळे उघडून एकमेकींकडे बघून हसायचो. त्या दिवशी सव्वा तास आम्ही दुसऱ्या बाईचा श्वास मोजला. मध्येच लक्ष गेले असते तर तो थांबला असता.

बाई वाचली. पाच दिवस व्हेंटिलेटरवर होती, नंतर चालत घरी गेली. गोष्ट इथे संपली असती तर आम्ही तुमच्यासमोर छाती पुढे काढून सांगितली असती.

पण त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिच्या नवऱ्याला विचारले, "मध्यरात्री दुखायला लागले, तर सकाळपर्यंत का थांबलात? भगताकडे नेली होती ना?" आमच्या मनात उत्तर आधीच तयार होते. केसपेपरवरही आम्ही तसेच लिहून मोकळ्या झालो असतो. तो म्हणाला, "नाय मॅडम, भगताकडं नाय नेली. मी बोललो दवाखान्यात जाऊ. तीच नको बोलली. गेल्या टायमाला तुमी वरडल्या ना. ती बोलली उजाडू दे, आंघोळ करून जाऊ."

उजाडू दे, आंघोळ करून जाऊ.

त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींशी बोललो नाही. पाच तास गेले होते. त्यातला वाडीपासून रस्त्यापर्यंतचा वेळ डोंगराचा. पावसाचाही थोडा असेल. बाकीचा आमच्या जिभेचा. ज्यांच्या आजीला टेबलापलीकडून, "लांब उभी राहा," असे ऐकावे लागले होते, त्याच आम्ही टेबलापलीकडे बसल्यावर वर्षभरात ती भाषा शिकलो होतो. ती कुणी शिकवावी लागत नाही. खुर्ची आणि कोट मिळाला की ती आपोआप तोंडात येते. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते ही खुर्ची मिळावी एवढ्यासाठी नव्हे.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. भन्तेजींनी तो आपल्याला पुष्कळदा सांगितला आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होता आणि आपल्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आनंदाबरोबर तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी सेवा करायला कोणी नाही का? तो म्हणाला, मी इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी करत नाही. तेव्हा बुद्धांनी पाणी आणवले, स्वतः ते त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी डोक्याकडून-पायांकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवले. नंतर भिक्खूंना सांगितले, की आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा समजा. लहानपणी आम्हाला ही फक्त करुणेची गोष्ट वाटायची. आता तिच्यातली एक गोष्ट ठळक दिसते. त्या भिक्खूला बुद्धांनी आधी, "आंघोळ का केली नाहीस?" असे विचारले नाही. त्यांनी पाणी आणायला सांगितले.

ती बाई महिन्याने पुन्हा आली, पोराला दाखवायला. खरूज परत झाली होती. ती रांगेच्या शेवटी, दाराबाहेर उभी होती. नाव पुकारूनही आत येईना. आमच्यापैकी एक उठून बाहेर गेली आणि तिला घेऊन आली. या वेळी आम्ही विचारले, घरात किती माणसे, अंथरूण किती, पाणी कुठले. तेव्हा कळले की सात माणसांत दोन गोधड्या होत्या. एका मुलाला मलम देऊन खरूज कशी जाईल? सगळ्यांना एकाच वेळी लावावे लागते आणि कपडे-अंथरूण उन्हात टाकावे लागते. आम्ही सात जणांचे औषध दिले. मागच्या वेळी दोन मिनिटे जास्त दिली असती तर तेव्हाच दिले असते.

बंधू-भगिनींनो, रायगड जिल्ह्याच्या डॉक्टरकीची आणखी एक गोष्ट तुमच्या मुलांना जरूर सांगा. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात, गरिबीत वाढलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणातला लाल विंचू चावून त्या वेळी धडधाकट माणसे आणि मुले मरत होती. घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी भरायचे. उपाय कुणाला ठाऊक नव्हता. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, लक्षणे यांच्या नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध अशा रोग्यांना वाचवते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९८६ साली ते लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गंभीर रोग्यांपैकी शंभरात चाळीसपर्यंत दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठे यंत्र नाही, मोठे शहर नाही. खेड्यातल्या रोग्याजवळ बसणे आणि लिहून ठेवणे, एवढ्यातून जगाला उपयोगी पडणारे ज्ञान निघाले. ज्यांना वाटते की खेड्यात डॉक्टरकी म्हणजे वाया गेलेली वर्षे, त्यांनी यावर विचार करावा.

सर्पदंशाचा प्रश्न किती मोठा आहे? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सापाच्या विषाने गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले, आणि भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. पण आराखडा दिल्लीत होतो आणि साप आपल्या मोरीजवळ निघतो. म्हणून काही गोष्टी पाठ करून ठेवा.

साप चावला किंवा चावल्याचा संशय आला, तर माणसाला धीर द्या, चालवू-पळवू नका. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून हाड मोडल्यावर ठेवतो तसा स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी यायला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. पावसाळ्यात शक्यतो खाटेवर झोपा, आणि खाट नसेल तर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या. रात्री भुईवर झोपलेल्या माणसाला एकाएकी पोटदुखी सुरू झाली आणि पापण्या जड झाल्या, तर खूण दिसो न दिसो, उजाडायची वाट बघू नका. आंघोळीचीही वाट बघू नका.

आता जरा आपल्या घरातले बोलू. राग मानू नका. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. तरी इंटर्नशिपच्या वर्षात आम्हाला आपल्याच काही घरांतल्या मुलांच्या दंडावर ताईत दिसले. कावीळ उतरवून घेतलेली आपलीच माणसे उशिरा आलेली दिसली. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो आणि उंबऱ्याला लिंबू-मिरची, हे आम्ही पाहिले आहे. पण आता आम्ही त्यावर रागावत नाही, कारण त्या बाईने आम्हाला शिकवले आहे. माणूस भगताकडे का जातो? भगत घरी येतो, ओळखीचा असतो, त्याच्याजवळ बसता येते, तो ओरडत नाही. म्हणून नुसते अंधश्रद्धा सोडा म्हणून भागणार नाही. ज्या दाराकडे जायला सांगतो, ते दार माणसाला आपले वाटले पाहिजे.

१९ जुलै २०२३ ची रात्र तुम्हा-आम्हाला विसरता येणार नाही. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे ढिगाऱ्याखाली बेपत्ता राहिली. वाडीला रस्ता नव्हता, मदतीच्या पथकांना अंधारात, पावसात पायवाटेने चढावे लागले. त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने विचारले, की इतक्या उंचावर माणसे का राहतात? ती तिथे पिढ्यान्पिढ्या राहत आहेत. आपण त्यांना विचारायला उशिरा गेलो, एवढेच.

म्हणून वर्धापन दिनाच्या निमित्ताने समितीपुढे आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पाच-सहा मुला-मुलींनी आळीपाळीने रुग्णालयात सोबती म्हणून जावे. पैशाची गरज नाही. कुणाला केसपेपर काढता येत नाही, कुणाला कुठल्या खिडकीवर जायचे कळत नाही, कुणाला डॉक्टर काय बोलले ते समजले नाही. त्यांच्याबरोबर उभे राहायचे. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांपासून सुरुवात करू, पण वाड्यांवरून येणाऱ्यांनाही तेवढ्याच आपुलकीने हात देऊ. दोन शब्द गोड बोलणारा माणूस दारात असला तर पुष्कळजण उजाडायची वाट बघणार नाहीत.

दुसरी. विहारात महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर आम्ही दोघी बसू. रक्तदाब, साखर तपासू, गरोदर बहिणींचे कार्ड बघू, मुलांचे डोस राहिलेत का ते पाहू. डिसेंबरच्या ६ तारखेला आपण बाबासाहेबांना अभिवादन करतो, त्या आठवड्यात रक्तदानही ठेवू.

तिसरी सूचना मुलांसाठी आहे, आणि ती आमच्यासारख्या पुढे निघालेल्यांसाठीही आहे. डॉक्टर व्हा, नर्स व्हा, लॅबमध्ये जा, औषधशास्त्र शिका. जीवकाची गोष्ट लक्षात ठेवा. जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टाकलेले ते पोर, तक्षशिलेला सात वर्षे शिकून बुद्धांचे वैद्य झाले. गुरूने परीक्षा घेतली, की योजनभर फिर आणि औषध नसेल अशी एक वनस्पती आण. जीवक रिकाम्या हाताने परत आला, कारण निरुपयोगी असे त्याला काही सापडले नाही. ज्याला उकिरड्यावर टाकले होते, त्यालाच कुठलीही वनस्पती टाकाऊ वाटली नाही. माणसांच्या बाबतीत आपण हे पाळले तरी पुष्कळ झाले.

शेवटी एवढेच. राजमाचीच्या पायथ्याशी, आपल्या कर्जत तालुक्यात कोंडाणे लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून-उतरून थकलेली माणसे त्या विहारात टेकत असतील. तिथल्या दगडात एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे तो सांगतो. बलकाने आपले नाव लिहिताना आधी गुरूचे नाव लिहिले. आम्हालाही आमच्या कामावर नाव लिहायची वेळ आली तर आधी या विहाराचे लिहू, आमच्या आई-वडिलांचे लिहू, त्या रात्रपाळीच्या सिस्टरांचे लिहू. आणि जिचे नाव आम्ही इथे सांगणार नाही, पण जिने आम्हाला डॉक्टर केले, त्या वाडीवरच्या बाईचेही लिहू.

आमचे काही चुकले असेल तर आपली मुले समजून सांभाळून घ्या. वर्धापन दिनाच्या सर्वांना मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!